गिटारची तिवई

दिवाळीच्या साफसफाईत घरातून काय काय बाहेर निघेल याचा नेम नसतो. हरवलेली किल्ली निघते, लग्नातला अहेराचा लिफाफा निघतो, कधी कधी जुने भांडणही निघते. गेल्या वर्षी आमच्याकडे निघाला तो एक आवाज.

वसुबारसेला चार दिवस होते. सौभाग्यवतींनी पदर खोचून बाहेरच्या खोलीतली कोळिष्टके काढायला घेतली होती. मी स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होतो. म्हणजे खालून ज्या सूचना येत होत्या त्या पंख्यापर्यंत पोहोचवीत होतो. एवढ्यात कपाटाच्या कडेला 'धाड्' झाले. नुसते धाड् होऊन थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण त्याच्या पाठोपाठ एक लांबलचक 'झ्यांऽऽव' निघाला आणि तो बराच वेळ खोलीत रेंगाळत राहिला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारले, "काय पडलं हो? घंगाळ का?"

घंगाळ नव्हते. आमच्या कन्येची गिटार होती. कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात ती उभी करून ठेवण्याचा रिवाज होता. झाडूचा दांडा लागला की नाही कोण जाणे, पण गुळगुळीत फरशीवरून तिचा बुडखा सटकला आणि बाईसाहेब पालथ्या पडल्या.

कन्या शिकवणीहून आली तेव्हा आम्ही दोघेही अपराध्यासारखे उभे होतो. मला वाटले, आता रडारड होणार. तसे काही झाले नाही. तिने गिटार मांडीवर घेतली आणि पडलेल्या मुलाचे हातपाय हलवून पाहावेत तशी एकेक तार छेडून पाहिली. एक खुंटी वाकली होती आणि पेटीच्या कडेचा डाळिंबाच्या दाण्याएवढा टवका उडाला होता. ही गिटार तिने वाढदिवसाची पाकिटे साठवून, कुणाची तरी जुनी, घेतली होती. शिक्षक म्हणजे हातातला मोबाईल.

आता बापाने अशा वेळी काय बोलावे? मी बोललो ते असे : "तरी मी सांगत होतो! बारावीचं वर्ष आहे. पिशवीत घाल आणि माळ्यावर टाक. मार्चात परीक्षा संपली की काढ."

कन्या काही बोलली नाही. सौ. माझी बाजू घेण्याच्या बेतात होत्या, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळले. असा योग आमच्या संसारात क्वचित येतो. पण तेवढ्यात कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आई म्हणाली, "माळ्यावर नको रे बाबा. माझा तंबोरा असाच गेला."

हा तंबोरा मला आठवतो; पण तो मला भूत म्हणून आठवतो. आई अंबडची. जालन्यापासून अंबड काही दूर नाही, पण गाण्याच्या बाबतीत ते गाव फार पुढचे. तिथला दत्तजयंतीचा संगीत उत्सव सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. लहानपणी आईने रात्र रात्र जागून तिथे गाणे ऐकले आणि थोडे शिकूनही घेतले. तिचे गाणे ऐकून आजोबांनी थेट मिरजेहून, गाड्या बदलत बदलत, तंबोरा आणला. मिरजेची ही कला दीडशे वर्षांहून जुनी. तलवारींना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या फरीदसाहेबांनी शस्त्रांचे दिवस सरले तसा वाद्यांना हात घातला आणि तेव्हापासून मिरजेचा तंबोरा देशभर गेला. २०२४ साली तर मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पंढरपूरकडच्या शेतातला भोपळा तुणीच्या लाकडाला जोडायचा आणि त्यातून षड्ज काढायचा, हे काम येरागबाळ्याचे नव्हे.

१९६७ साली आई लग्न होऊन काद्राबादेतल्या आमच्या जुन्या वाड्यात आली तेव्हा रुखवताबरोबर हा तंबोराही आला. एकत्र कुटुंब, घरात लहान मुले. कुणाचा धक्का लागू नये म्हणून तो गवसणी घालून मधल्या खोलीतल्या उंच खुंटीवर टांगला. हेतू चांगलाच होता. कुणीही "गाऊ नकोस" म्हटले नाही. फक्त गायचे तर आधी शिडी आणायची, मग कुणा पुरुषमाणसाला हाक मारायची, मग गवसणी झटकायची. एवढे होईपर्यंत दूध उतू जायचे. आम्हा भावंडांना तर त्या लांबट, मळकट गवसणीची भीती वाटे. आत कुणीतरी मान खाली घालून उभे आहे असे वाटे. म्हणून मी भूत म्हणालो.

जालना औरंगाबादपासून निघून स्वतंत्र जिल्हा झाला ते १९८१ साल. त्या वर्षी कसल्याशा हळदीकुंकवाला आईने तंबोरा खाली काढवला. भोपळ्याला बोटभर लांब तडा गेलेला. मराठवाड्याचे चौदा उन्हाळे त्याने सोसले होते. दुरुस्तीला मिरजेला न्यायचा म्हणून तो पुन्हा खुंटीवर गेला आणि वाडा विकला तेव्हा सामानाबरोबर कुठे गेला, हे कुणी विचारलेही नाही.

"चौदा वर्षं," आई म्हणाली. "रामाचा वनवाससुद्धा तेवढाच. पण राम परत आला. काय करायचं ते करा, पण पोरीच्या हाताशी राहील असं ठेवा."

एवढे बोलून तिने पुढची वात घेतली. मी स्टूल उचलले. माळ्याचा ठराव नामंजूर झाला होता.

मंडळी, गिटार ठेवायची कशी, हा प्रश्न ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण आपल्या घरांना तो नवीन आहे. आपली बाकीची वाद्ये बैठी. पेटी जमिनीवर बसते, तबला-डग्गा चुंबळीवर बसतात. तंबोऱ्यालासुद्धा भोपळ्याखाली चुंबळ दिली की तो आडवा सुखाने पहुडतो. गिटारचे बूड ना धड गोल, ना धड सपाट. गिटार आपल्याकडे पूर्वीही होती म्हणा. पण हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची. तिच्यावर ब्रिजभूषण काब्रांनी रागदारी वाजवली. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी घरोघर गेली. पुढे विश्वमोहन भट्टांनी आपल्या मोहनवीणेवर १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळवले. पण ते वादन आडवे. आताची मुले वाजवतात ती उभी, स्पॅनिश गिटार. आणि उभ्या वस्तूला उभे राहायला पाय हवेत.

मी चौकशीला लागलो. एकदा चौकशीला लागलो की मी विषयाचा फडशा पाडतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच. आठ दिवसांत जे हाती आले ते सांगतो, म्हणजे तुमचे आठ दिवस वाचतील.

गिटार भिंतीला टेकवून ठेवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग. पोलादी तारांच्या गिटारीत सहा तारांचा मिळून साधारण सत्तर किलोचा ओढा सदासर्वदा असतो. म्हणजे माझ्या वजनाचा गृहस्थ तिच्या मानेला अहोरात्र लोंबकळतो आहे! आणि तिची मान सर्वांत बारीक असते ती डोक्याजवळ, खुंट्या सुरू होतात तिथे. गिटार पडली की मोडते ती बहुधा याच जागी. आमच्या गिटारीचे निव्वळ नशीब म्हणून खुंटीवर निभावले.

दुसरा मार्ग भिंतीतल्या आकड्याचा. भिंत पक्की असेल आणि घर स्वतःचे असेल तर तो उत्तम. जागा अडत नाही, केर काढताना आड येत नाही. पण "पुन्हा खुंटी?" एवढेच आई म्हणाली आणि मी तो विषय वहीतून खोडला.

राहिल्या जमिनीवरच्या तिवया. त्यांच्या मुख्य जाती तीन. पहिली बुटकी, घडीची, शिडीसारखी फाकणारी. ती गिटारला फक्त कमरेशी धरते, मान मोकळी. जागा थोडी लागते, प्रवासाला बरी. पण ज्या घरात लहान मूल, मांजर किंवा माझ्यासारखा चष्मा विसरणारा माणूस आहे, तिथे भरवशाची नाही. दुसरी उंच दांड्याची. खाली तीन पाय, मध्ये पेटी टेकायला दोन हात आणि वर मान धरायला बेचके. तिसरी जात अशी, की मान बेचक्यात अडकवली की गिटारच्याच वजनाने बेचके आपोआप मिटते. ती फार चांगली. पण किंमत दुसरीच्या तिप्पट-चौपट. साध्या तिवया पाचशे ते हजार रुपयांत मिळतात. चार हजारांच्या जुन्या गिटारीला तीन हजारांचे सिंहासन हे काही आमच्या अंदाजपत्रकात बसेना.

आणि इथे माझ्यातला जालनेकर जागा झाला.

'जालना सोने का पालना' अशी आमच्या गावाची म्हण आहे. सोने मी कधी पाहिले नाही, पण लोखंड पाहिले आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिलांतून निघालेल्या सळ्यांवर महाराष्ट्रातल्या किती स्लॅब उभ्या आहेत! आणि त्या गावच्या माणसाने पावशेर नळीची तिवई मोबाईलवरून मागवायची? मी ताडकन उठलो आणि ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो.

त्याने माझे रेखाचित्र उलटेसुलटे करून पाहिले. "सायब, वजन किती ठिवायचंय याच्यावर?"

"दोन किलो."

तो हसला. "दोनच? मग धाचा गज लावू का बाराचा?"

मी म्हणालो, "बारा! कमी नको."

गजाचे वजन काढायचे सूत्र आमच्याकडे पाढ्यासारखे पाठ असते. मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचे, की मीटरला किती किलो ते येते. बाराचा वर्ग १४४. म्हणजे मीटरला ८८९ ग्रॅम. चार मीटर गज लागला. साडेतीन किलोची तिवई दोन किलोच्या गिटारीसाठी! मजुरीसह सहाशे रुपये मोजून मी ती स्कूटरवर घालून, विजयी वीरासारखा घरी आणली.

कन्येने गिटार तिच्यावर ठेवून पाहिली. ती बसेना. गिटारीची पेटी दहा सेंटिमीटरांहून जाड आणि माझे हात आठ सेंटिमीटरांचे. मापे मीच दिली होती, त्यामुळे वेल्डिंगवाल्याला बोल लावायची सोय नव्हती. शिवाय गजावरचा पीळ. सिमेंटला घट्ट धरून ठेवण्यासाठी केलेली ती नक्षी लाकडाला कानशीसारखी लागत होती. सौभाग्यवतींनी तिवईकडे बराच वेळ पाहिले आणि मग शांतपणे म्हणाल्या, "अहो, माठासाठी किती छान आहे!" आज ती गच्चीच्या दाराशी उभी आहे. तिच्यावर वीस लिटरचा माठ आहे आणि आणखी दोन माठ सहज पेलेल. जालन्याच्या पोलादाची अब्रू राखली गेली; फक्त खाते बदलले.

शेवटी दुसऱ्या जातीची, साडेसहाशे रुपयांची तिवई मागवली. या खेपेस मापे कन्येने घेतली. माझ्या चुकांतून जे शहाणपण आले ते सांगून ठेवतो.

तिवई घेताना पहिल्यांदा खालच्या हातांची खोली पाहा. काही तिवया विजेच्या गिटारीसाठी केलेल्या असतात. तिची पेटी जेमतेम चार-पाच सेंटिमीटर जाड. पोकळ पेटीची साधी गिटार त्यांत मावत नाही. दुकानात गेलात तर आपली गिटार बरोबर न्या आणि ठेवून पाहा. मग बाजूने एका बोटाने हलकेच ढकला. डुलून परत जागेवर आली तर ठीक; दुसरे बोट लावावे लागले तर पुढच्या दुकानात चला. आवळायचे स्क्रू प्लास्टिकचे नसून धातूचे असावेत. वरच्या बेचक्याला आडवा पट्टा असावा. पायांच्या टोकांना रबराच्या टोप्या असाव्यात, नाहीतर आपल्या गुळगुळीत फरशीवर पुन्हा तेच धाड्. आणि पाय पुरते पसरल्याशिवाय गिटार ठेवू नये. जागा वाचवायला अर्धवट पसरले की तिवई उभी राहते, पण उभी राहण्यापुरतीच.

आणखी एक बारीकशी गोष्ट. तिवईच्या हातांवर रबर किंवा स्पंज असतो. काही जुन्या वा भारी गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचे नाजूक रोगण असते. असे रबर त्याला महिनोन् महिने टेकून राहिले तर रोगण मऊ होते आणि डाग पडतो. स्वस्त गिटारींचे कठीण रोगण सहसा असा दगा देत नाही. पण सावधगिरीला खर्च काय? आईने आपल्या जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या आणि चुंबळ वळावी तशा हातांवर आणि बेचक्यावर घट्ट गुंडाळून दिल्या. दुकानात असे काही मिळत नाही.

मग जागेचा प्रश्न. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या घरात जातो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. लाकडाला मध्यम दमटपणा मानवतो, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आगेमागे. त्याहून फार कोरडे झाले की लाकूड आकसते, पेटीला तडे जातात. आईच्या भोपळ्याचे झाले तेच. पण म्हणून गिटार कूलरसमोर ठेवली तर लाकूड फुगते. तेव्हा खिडकीचे ऊन नको, कूलरचा झोत नको, दाराच्या उघडझापीची वाट नको. कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत किंवा महिनाभर परगावी जाताना गिटार सरळ पिशवीत बंद करावी. तिवई ही रोज वाजणाऱ्या वाद्यासाठी असते.

हे सगळे वगळत गेल्यावर आमच्या घरात एकच जागा उरली. आईच्या पलंगाच्या पायथ्याशी, आतल्या भिंतीलगत. तिथे तिवई मांडली, ती पाडव्याच्या दिवशी.

बारावीचे काय झाले, हे विचाराल. मी भीत होतो तसे काही झाले नाही. गिटार पिशवीत होती तेव्हा कन्या ती काढली की तासभर सोडत नसे. काढायचा एवढा खटाटोप केला तर वसूल नको का करायला? समोर उभी राहिल्यापासून ती येता-जाता दहा मिनिटे वाजवी आणि पुन्हा पुस्तकाकडे जाई. गुण बरे पडले. आता ती पुण्याला शिकायला आहे. वसतिगृहाच्या खोलीत तिघी राहतात आणि तिवईला जागा नाही, म्हणून गिटार इथेच ठेवून गेली. जाताना मला बजावून गेली, "बाबा, पिशवीत घालू नका हं."

मी घातली नाही. पण महिनाभर न वाजणारे वाद्य उघड्यावर ठेवू नये, असे मीच वर लिहिले आहे. म्हणून परवा रात्री पिशवी घेऊन आईच्या खोलीकडे गेलो. दिवा मालवलेला होता. आतून तार छेडल्याचा आवाज आला, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

गिटारीची सर्वांत जाड तार पेटीवरच्या पांढरी तीनमध्ये लावतात आणि तिच्या शेजारची पांढरी सहामध्ये. पांढरी सहाला षड्ज मानला तर जाड तार बरोबर खालचा पंचम होते. आईची पट्टी एके काळी काळी पाच होती. वयाने अर्धा सूर उतरून पांढरी सहावर आली आहे. हे तिला कुणी सांगितले नव्हते. पलंगावर उशीला टेकून, हात लांब करून, तिवईवरची गिटार जागची न हलवता तिने ते शोधले होते. पंचम, षड्ज, पंचम, षड्ज. त्यावर अगदी बारीक आवाजात ती काहीतरी गुणगुणत होती.

मी पिशवी घडी करून पुन्हा माळ्यावर ठेवली. या दिवाळीत साफसफाई करताना झाडू त्या कोपऱ्यातून जरा जपून फिरवला, एवढेच.